प्रबंधात आम्ही, नियमांत कुठेच नाही

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
तसेच विद्या परिषदांचे व संशोधन मंडळांचे मा. सदस्य यांस,



बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या गावांत आरोग्याचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेची मी कार्यकर्ती. तुमची-माझी ओळख नाही, पण तुमच्या विद्यापीठांचे संशोधक विद्यार्थी मला चांगलं ओळखतात. हंगाम संपून माणसं गावी परतली की त्यांचे फोन सुरू होतात. "ताई, ऊसतोड महिलांवर पीएच.डी. करतोय. दीडशे प्रश्नावल्या भरून पाहिजेत. तांड्यावर तुमची ओळख आहे म्हणे. दोन दिवसांत उरकेल ना?"

२०१९ नंतर हे फोन फार वाढले. त्या वर्षी आमचा जिल्हा गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मग वाहिन्यांच्या गाड्या आल्या, पाहणी पथकं आली, अहवाल आले. ती गर्दी ओसरली. संशोधक अजून येतात, आणि त्यांनी यावं असंच माझं मत आहे. वर्षातले पाच-सहा महिने परमुलखात कोपीत काढणाऱ्या माणसांबद्दल नीट, सविस्तर कुणी लिहिणार असेल तर ती तुमचीच मुलं. त्यांतली कितीतरी तर आमचीच आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर शिकणारी, आई-बाप अजून टोळीत असलेली. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तक्रार तुमच्याकडे आहे आणि तुमच्याबद्दलच आहे.

पीएच.डी.चा विद्यार्थी किती टेबलांवरून जातो ते मी तुम्हाला सांगायला नको. पेट ही प्रवेश परीक्षा, मग आराखडा, आरआरसी या संशोधन समितीपुढे सादरीकरण, कोर्सवर्क, सहा-सहा महिन्यांचे प्रगती अहवाल, शेवटी साहित्यचौर्याची तपासणी आणि व्हायवा. विषय नवा आहे का, गृहीतकं मांडली का, नमुना कसा निवडला, संदर्भ नीट दिले का, सगळं विचारलं जातं. ज्या बाईच्या ओट्यावर हा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन बसणार आहे तिच्याबद्दल कुणी काही विचारतं का? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून विचारते. या कामाला तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. काही जण बॅगेतून गाइडच्या सहीचं पत्र काढतात: "सदर विद्यार्थ्यास सहकार्य करावे, ही विनंती." सहकार्य आम्ही करायचं, हे पत्रात असतं. विद्यापीठाने आमच्यासाठी काय करायचं, यावर ते पत्र गप्प असतं.

संशोधनाची नीतिमत्ता तुम्ही शिकवतच नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. एकूण ३० तास. एका विद्यार्थिनीने मला त्याच्या नोट्स दाखवल्या. त्यात तत्त्वज्ञान आहे, आकडे बनवू नयेत हे आहे, बनावट नियतकालिकं कशी ओळखायची ते आहे, संशोधकाचा प्रभाव मोजायचे निर्देशांक आहेत. ज्या माणसांवर संशोधन करायचं त्या माणसांना मात्र त्या ३० तासांत स्वतंत्र असा एक तासही नाही. साहित्यचौर्याचं तर २०१८ चं पुरं विनियमपत्रकच आहे. मजकूर १० टक्क्यांपर्यंत जुळला तर चालेल, ४० पर्यंत जुळला तर सुधारून द्या, ६० पर्यंत जुळला तर वर्षभर थांबा, त्याहून जास्त जुळला तर नोंदणी रद्द. दुसऱ्या प्राध्यापकाच्या लेखातली वाक्यं उचलली तर काय शिक्षा, याचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेत, एखाद्या बाईने नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट उचलून छापली तर काय, याला उत्तर नाही.

गावात प्रत्यक्ष काय होतं ते सांगते.

संशोधक येतो तेव्हा पहिला प्रश्न आमच्या बाया त्याला विचारतात: "कोणती योजना आलीय?" हातात छापील कागद, नाव-वय-जात-शिक्षण लिहून घेणारा शहरातला मुलगा, आमच्या अनुभवात याचा अर्थ घरकुल, निराधार पगार, नाहीतर महामंडळाची नोंदणी. मुलगा प्रामाणिक असतो. तो सांगतो की मी अभ्यासासाठी आलोय. बाई मान हलवते आणि तिच्या मनात योजना तशीच राहते, कारण नुसत्या अभ्यासासाठी कुणी एवढ्या उन्हात येत असेल यावर तिचा विश्वास बसत नाही. मग ती ऐंशी प्रश्नांची उत्तरं देते. शेवटी विचारते, "आधार कार्ड आणू का?" तिने दिलेल्या होकाराला तुम्ही संमती म्हणता. मी म्हणत नाही.

एका ओट्यावरचा प्रसंग बघा. प्रश्नावली भरून घेणारा मुलगा सभ्य होता, आवाज हळू होता. पण बाईशेजारी सासू बसलेली, दारात दीर, आणि दहा पावलांवर मोटारसायकलला टेकून मुकादमाचा भाऊ, कारण पाहुणे आले की तो येतोच. चौतिसावा की पस्तिसावा प्रश्न आला: पिशवी काढली असल्यास कुणाच्या सांगण्यावरून? बाईने एकदा मोटारसायकलकडे बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टरच्या." मुलाने बरोबरची खूण केली. संध्याकाळी हापशावर ती मला एकटीच भेटली. दवाखान्याचा खर्च मुकादमाने दिला होता आणि उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढवला होता. पुढच्या हंगामाचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची मजुरी, त्यात अडकला होता. खाडा पडू नये म्हणून पिशवी काढून टाक, हा सल्लाही त्याच्याच घरून आला होता. प्रश्नावलीत हे कुठेच नाही. प्रबंधाच्या तक्त्यात ती "वैद्यकीय सल्ल्यानुसार" या रकान्यात गेली, टक्केवारीत मोजली गेली, बहुधा निष्कर्षातही आली.

नैतिकता हा संशोधनाच्या कडेला लावायचा शोभेचा भाग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट सांगितली. खासगीत बोलायची सोय करणं हे बाईचं संरक्षण आहे, आणि खरी माहिती मिळण्याचा तोच एक रस्ता आहे. माणसाचा मान राखला नाही तर आकडाही खोटा येतो. तुमच्या परीक्षकांना तक्त्यातली बेरीज चुकलेली दिसते; ओट्यापासून दहा पावलांवरची मोटारसायकल दिसत नाही.

सहीचा घोळ वेगळाच. काही विद्यार्थी हल्ली संमतिपत्र आणतात, चांगली गोष्ट आहे. पण ते इंटरनेटवरून घेतलेलं, कोर्टाच्या भाषेतलं असतं, दोन पानी. "मी स्वेच्छेने व कोणत्याही दबावाशिवाय..." अशी सुरुवात. वाचून दाखवायला कुणाला वेळ नसतो, खाली सही किंवा अंगठा. आमच्या माणसांच्या आयुष्यात अंगठ्याचा एकच अर्थ आहे: उचल घेतली, आता फेडेपर्यंत सुटका नाही. त्यामुळे एक तर ती घाबरून नको म्हणतात, किंवा अंगठा दिला म्हणजे आता मधेच उठता येणार नाही असं समजून शेवटपर्यंत बसून राहतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यावर वाट आहे. समितीने मान्य केलं तर तोंडी संमती घेता येते, तिची नोंद ठेवता येते, निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार ठेवता येतो, बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते. पण हे ठरवायचं कुणी? समितीने. समिती कुठे आहे? पुन्हा तोच प्रश्न.

आणि प्रबंध मंजूर झाल्यावर आमचं काय होतं? तुमच्याकडून त्याची एक प्रत 'शोधगंगा'वर जाते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने प्रबंधांचं हे ऑनलाइन भांडार उभं केलं, जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन जनतेला वाचता यावं म्हणून. हेतू उत्तम आहे, मी स्वतः तिथे तासन्‌तास वाचत बसते. पण आमच्याकडच्या एका गावात असं झालं, की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने गंमत म्हणून आपल्या गावाचं नाव टाकून शोधलं आणि त्याला एक प्रबंध सापडला. त्यात एक व्यक्ती-अभ्यास होता. नाव बदललेलं होतं, आद्याक्षरं दिली होती. पुढे वय, गाव, जात, नवऱ्याच्या मृत्यूचं साल आणि व्यवसाय: अंगणवाडी मदतनीस. गावात अंगणवाडी एक, मदतनीस एक. त्या बाईने संशोधकाला आपल्या दुसऱ्या गर्भपाताबद्दल सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत ते पान गावातल्या अर्ध्या मोबाइलवर होतं. इथे लिहिताना मी तिचे तपशील बदलले आहेत. तुमच्या विद्यार्थ्याने बदलले नव्हते, कारण ते बदलायचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नाव बदललं की ओळख लपते, असं त्याचा गाइडही समजत होता. शहरात ते कदाचित खरं असेल. तीनशे उंबऱ्यांच्या गावात नाव ही ओळखीची सर्वांत बिनमहत्त्वाची खूण असते.

तक्रार करायला ती कुठे जाणार होती? मी विद्यापीठात फोन लावला. पीएच.डी. विभागाने ग्रंथालयाकडे पाठवलं, ग्रंथालयाने विभागप्रमुखांकडे, विभागप्रमुख म्हणाले की प्रबंध मंजूर झालाय, आता आमच्या हातात काही नाही. विद्यापीठाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणाकडेही फोन लावला असता तरी तो असाच फिरला असता, अशी माझी खात्री आहे. माझी खात्री खोटी ठरवलीत तर आनंदच होईल.

संशोधकाची बाजूही बघा, कारण या अव्यवस्थेत तोही उघड्यावर असतो. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने मुलाखतीआधी सगळ्यांना एक वाक्य वाचून दाखवलं होतं: तुम्ही सांगितलेलं मी कुणालाही सांगणार नाही. मग समोरच्या मुलीने सांगितलं की ती सोळाची आहे, लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं, आणि तिला दिवस गेलेत. आमच्या जिल्ह्यात बालविवाह ही नवलाची गोष्ट नाही. लेक एकटी मागे ठेवून ऊसतोडीला जायचं कसं, या भीतीतून कित्येक लग्नं उरकली जातात. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं, की अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला आहे त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संशोधक मुलीने गाइडला फोन केला. उत्तर आलं, "ते आपल्या विषयात येत नाही, तू पुढची प्रश्नावली घे." त्या रात्री ती माझ्या घरी जेवली नाही. दिलेला शब्द मोडायचा की कायदा? शेवटी आम्ही बालकल्याण समितीकडे गेलो. पुढे काय झालं ते लिहिणार नाही, मुलगी ओळखू येईल.

यावर सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. पण कायदा पाळू देणार नाही असं आश्वासन संमतिपत्रात छापायचं नसतं, एवढं तरी विद्यार्थ्याला गावात पाठवण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलींशी बोलणार असशील तर असं काही निघेल, निघालं तर कुणाला फोन करायचा, मुलीला आधी काय सांगायचं, हे आधी ठरवायला हवं होतं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना तुम्ही लोकांच्या सर्वांत दुखऱ्या जागी पाठवता आणि त्यांच्या हातात फक्त एक प्रश्नावली देता.

शाळांतलं संशोधन तर मी इथे नुसतं नावापुरतंच घेते. एम.एड.पासून पीएच.डी.पर्यंत शाळा आणि आश्रमशाळांतल्या मुलांवर चाचण्या होतात, मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की काम झालं. मुलाला नाही म्हणता येतं हे मुलाला माहीतच नसतं. आयसीएमआर सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारायला सांगते, पालकांच्या संमतीहून ती वेगळी. दुसऱ्याने सही केली की काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना एचपीव्हीची लस एका प्रकल्पात दिली गेली. खम्मममध्ये कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, तरी प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. लस चांगली होती की वाईट, हा प्रश्न वेगळा. पोरींच्या वतीने सही करायचा अधिकार वॉर्डनला दिला कुणी, हा प्रश्न शिल्लक राहिला तो राहिलाच. लशीच्या जागी बुद्धिमापन चाचणी किंवा कौटुंबिक हिंसेची प्रश्नावली ठेवा, काही बदलत नाही.

कायद्याची स्थिती तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगते, कारण पळवाट तिथेच आहे. मानवी सहभागाच्या संशोधनाबद्दल आयसीएमआरचं पहिलं निवेदन १९८० चं. मग २००० ची, २००६ ची आणि २०१७ ची तत्त्वं. औषधांच्या चाचण्यांसाठीचे २०१९ चे नियम तर आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या संस्थेला नैतिकता समिती नेमायला आणि केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे तिची नोंदणी करायला लावतात. वैद्यकीय महाविद्यालयांत म्हणून समित्या आहेत. काही विद्यापीठांत जीवशास्त्राच्या, औषधनिर्माणाच्या विभागांसाठीही आहेत. पण समाजशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र, पत्रकारिता? "आम्ही रक्त काढत नाही, सुई टोचत नाही, आम्हाला कशाला समिती?" हे उत्तर मी प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं आहे. वास्तविक २०१७ च्या तत्त्वांत आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या बायांच्या पिशवीवरचा समाजशास्त्राचा प्रबंध त्यात सरळसरळ बसतो. बसवून घ्यायची तयारी नाही, एवढंच.

याचा विचार महाराष्ट्रात कुणी केलाच नाही, असंही नाही. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकारातून २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वं तयार झाली. देशभर वाचलं जाणारं वैद्यकीय नीतिमत्तेचं नियतकालिक मुंबईतूनच सुरू झालं. टाटा समाजविज्ञान संस्थेत संशोधनाची छाननी करणारं मंडळ आहे. म्हणजे घरात जाणकार आहेत. फक्त त्यांना सार्वजनिक विद्यापीठांच्या दारातून आत कुणी बोलावलेलं नाही.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडे बोट दाखवू नका. त्यात संशोधनाला सूट आहे, ठरवून दिलेली मानकं पाळली या अटीवर. आणि गूगल फॉर्मवर भरलेली, व्हॉट्सॲपवर फिरलेली, विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये कुलूप-किल्लीविना पडलेली आमच्या बायांची उत्तरं कोणतं मानक पाळतात ते तुम्हीच सांगा.

संमतिपत्र छापलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, ग्रँड कॅन्यनच्या दरीत, हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात राहते. मधुमेहाने ती जेरीला आली होती. १९९० पासूनच्या काही वर्षांत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाचा शोध घेऊ म्हणून त्यांचं रक्त घेतलं. संमतिपत्रं होती, त्यांतले शब्द मोघम होते. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाला वापरलं गेलं, आणि ही माणसं मुळात आशियातून आली का, हे बघायलाही. त्या लोकांची श्रद्धा अशी, की त्यांचा जन्म त्याच दरीतला. २००३ साली जमातीतली कार्लेटा टिलूसी ही तरुणी विद्यापीठातल्या एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिने उभं राहून विचारलं, की आमचं रक्त वापरायला परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ४१ जणांना सात लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि उरलेलं रक्त जमातीला परत केलं.

आपल्याकडेही व्हायवा खुली असते. नियमच आहे तसा. पण आमच्या तांड्यावरच्या किती बाया आजवर त्या खुल्या व्हायवाला बोलावल्या गेल्या? बोलावलं तर काय विचारतील त्या?

आता मागणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशाची वाट बघायचं कारण नाही. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांच्या नावातच किमान मानकं असा शब्द आहे. किमानाच्या वर जायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. विद्या परिषदेत ठराव करा, की माणसांकडून माहिती घेणारं कोणतंही संशोधन, विभाग कोणताही असो, समितीच्या मंजुरीशिवाय क्षेत्रात जाणार नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार समितीत सात ते पंधरा जण असतात, निम्मे बाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, आणि एक जण समाजातला सामान्य माणूस. त्या शेवटच्या खुर्चीबद्दल मी बोलते आहे. तिथे निवृत्त प्राचार्यांना बसवू नका. आशा कार्यकर्ती बसवा, अंगणवाडी ताई बसवा, ऊस तोडलेली बाई बसवा. जिला कधीतरी कुणीतरी प्रश्नावली घेऊन भेटलेलं आहे, तिला समितीत काय विचारायचं ते बरोबर कळेल. तिला दिवसाची मजुरी आणि एस.टी.चं भाडं द्या. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात ते कुठे दिसणारही नाही.

प्रत्येक संशोधकाने माहिती देणाऱ्याच्या हातात एक मराठी कागद द्यावा, आणि तिला वाचता येत नसेल तर तोंडी सांगावा: मी कोण, कशासाठी आलोय, यातून तुम्हाला कोणतीही योजना मिळणार नाही, कधीही उठून जा, आणि काही वाईट झालं तर हा विद्यापीठाचा फोन नंबर. तो नंबर उचलणारा माणूस नेमा. सर्वांत कठीण काम हेच आहे, हे मला माहीत आहे. प्रबंध 'शोधगंगा'वर चढवण्याआधी मजकूर किती टक्के जुळतो ते जसं तपासता, तसंच गावातल्या माणसाला यातली कोण कोण ओळखू येईल, हेही कुणीतरी वाचून बघावं. आणि निष्कर्ष गावात येऊन सांगावेत. पुस्तिका नको, एक संध्याकाळ पुरे. आजवर आमच्याकडे जे संशोधक परत आले, ते बहुतेक नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आले. तेही बरं वाटतं, पण निष्कर्ष काय निघाला हे बायांना अजून कळलेलं नाही.

दोन भीती मला आहेत, त्या तुमच्या कानावर घालते. एक म्हणजे हे सगळं आणखी एका फॉर्ममध्ये गुंडाळलं जाईल. चौकोनात खूण करा, शिक्का मारा, शुल्क भरा. अमेरिकेत या समित्यांचा जाच इतका झाला होता, की नियम बदलून मौखिक इतिहासाच्या मुलाखतींना मोकळीक द्यावी लागली. तसं होऊ देऊ नका. साध्या, धोका नसलेल्या अभ्यासाला आठवड्यात मंजुरी मिळाली पाहिजे, आणि समितीचा वेळ कठीण विषयांवर गेला पाहिजे.

दुसरी भीती मोठी आहे. या राज्यात साखर कारखाना, बँक आणि कॉलेज कितीतरी ठिकाणी एकाच घराण्याच्या हातात आहे. मुकादमांवर, कारखान्यांवर, जातीच्या अत्याचारावर, वसतिगृहांतल्या मुलींच्या छळावर काम करायला निघालेल्या विद्यार्थ्याला उद्या हीच समिती सांगेल, विषय संवेदनशील आहे, नैतिकतेत बसत नाही. ठरावात स्पष्ट लिहा: समिती माहिती देणाऱ्या माणसाच्या संरक्षणासाठी आहे. कुणा बड्या माणसाची किंवा संस्थेची नाराजी हे नामंजुरीचं कारण होऊ शकत नाही. एवढी ओळ लिहायची तुमची तयारी नसेल तर समिती नेमूच नका. आहे त्याहून वाईट होईल.

आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांनी आणि आशांनी बसून एक निर्णय घेतला. येत्या हंगामानंतर जो संशोधक गावात येईल, मग तो कुठल्याही विद्यापीठाचा असो, त्याच्याकडे पहिल्यांदा समितीचं मंजुरीपत्र मागायचं. विद्यापीठात समितीच नाही असं तो म्हणाला तर त्याने आधी आपल्याला काय विचारायचं आहे ते गावच्या बैठकीत वाचून दाखवायचं, बायका ठरवतील कोणते प्रश्न विचारायचे, कुठे बसून विचारायचे आणि कोण ऐकायला नको. ज्याला हे मान्य नसेल त्याला पाणी देऊ, चहा देऊ, सावलीला बसू देऊ. प्रश्नावली कोरी परत जाईल.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक आरोग्य कार्यकर्ती